रेषेमागचा पुरावा

महाविद्यालयात डेटाबेस शिकवताना सुरुवात कोऱ्या कागदापासून होते. आधी गरजा समजून घ्यायच्या, मग आकृती काढायची, मग टेबलं तयार करायची. नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला उलटा क्रम येतो. टेबलं आधीपासून असतात, त्यांत कित्येक वर्षांच्या नोंदी साठलेल्या असतात, रोजचे व्यवहार चालू असतात. फक्त आकृती नसते. ती काढणारी माणसं कधीच दुसरीकडे गेलेली असतात, आणि उरलेल्यांना आपापल्या कामापुरती चार टेबलं ठाऊक असतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बसून दूरदेशीच्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सन २०००च्या तारखांच्या दुरुस्तीचं जे काम आपल्याकडच्या कंपन्यांकडे आलं, त्यातही दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं आणि कागदपत्रांवाचून उरलेलं वाचून काढण्याचा वाटा मोठा होता.

तरीही या कौशल्याला अभ्यासक्रमात फारशी जागा नाही. पाठ्यपुस्तकं उत्तम आहेत. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासह आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांनी लिहिलेलं ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ जगभर शिकवलं जातं, आणि त्यावर वाढलेला विद्यार्थी चांगला स्कीमा रचू शकतो. पण रचून झालेला, वापरात बदललेला, मधल्या पाच जणांनी आपापल्या समजुतीप्रमाणे डागडुजी केलेला स्कीमा वाचायचा कसा, हे त्याला स्वतःच शोधावं लागतं. हे पुस्तक त्या वाचनाबद्दल आहे.

पुस्तकात एक आग्रह पुन्हा पुन्हा येईल, तो इथेच सांगितलेला बरा. साधनांच्या मदतीने जो नकाशा तयार होतो, त्यातल्या प्रत्येक रेषेमागे कोणता पुरावा आहे ते त्या रेषेवरच नोंदलेलं असलं पाहिजे. डेटाबेसने स्वतः जाहीर केलेलं नातं, नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष, प्रोग्रॅममध्ये सापडलेला दुवा, नावावरून केलेला अंदाज आणि कुणीतरी तोंडी सांगितलेली माहिती, या पाच वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत. भिंतीवर लावलेल्या आकृतीत त्या सगळ्या सारख्याच जाडीच्या काळ्या रेषा होऊन बसतात. दोन वर्षांनी कुणीतरी त्यातल्या एका अंदाजावर विसंबून लाखो नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवतो, आणि तेव्हा कळतं की ती रेषा कुणाच्या तरी मनातली होती.

हे वाचन मुळात शक्य होतं याचं श्रेय एडगर कॉड यांच्याकडे जातं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० साली त्यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याआधीच्या, आयएमएससारख्या डेटाबेसांत एका नोंदीवरून दुसरीपर्यंत कसं जायचं ही वाट प्रोग्रॅममध्येच बांधलेली असे, त्यामुळे प्रोग्रॅम हाताशी नसेल तर डेटाचा अर्थ लावणं फार कठीण. कॉड यांनी डेटा आणि वाट यांची फारकत केली. पुढे १९८५ साली, खऱ्या रिलेशनल डेटाबेसची लक्षणं सांगणारे त्यांचे प्रसिद्ध बारा नियम आले. त्यांतला चौथा नियम आपल्या कामाचा आहे: डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही त्याच डेटाबेसात, साध्या टेबलांच्या रूपात असावं आणि नेहमीच्याच क्वेरीच्या भाषेत विचारता यावं. टेबलांची यादी हीही एका टेबलातच असावी, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं मोल लक्षात येत नाही. स्कीमा उलगडणारं आजचं प्रत्येक साधन त्या चौथ्या नियमावर उभं आहे.

१९९२च्या एसक्यूएल प्रमाणाने या वर्णनाला ‘इन्फर्मेशन स्कीमा’ हे नाव आणि ठरावीक रूप दिलं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते आहे, मायएसक्यूएलमध्ये ते २००५ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आलं. ओरॅकल मात्र अजूनही आपल्या जुन्या डेटा डिक्शनरीवरच चालतो. तिथे ‘ऑल-टेबल्स’, ‘ऑल-कन्स्ट्रेंट्स’ अशा व्ह्यूंना प्रश्न विचारायचे. जावाच्या जेडीबीसी या जोडणीत या सगळ्यांवर एक समान थर घातलेला आहे. टेबलं कोणती, कॉलम कोणते, कोणती फॉरेन की कुठे जाते, हे प्रश्न एकाच पद्धतीने विचारायचे, आणि त्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरने त्यांचं भाषांतर करायचं. स्कीमास्पाय, स्कीमाक्रॉलर किंवा डीबीव्हर ही साधनं डझनभर वेगवेगळ्या डेटाबेसांशी बोलतात ती याच थरामुळे.

‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ या शब्दाने उगाच चोरट्या कामाचा भास होतो. १९९० साली चिकोफ्स्की आणि क्रॉस यांनी ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात त्याची जी व्याख्या केली ती अजून वापरली जाते. चालू प्रणालीचे घटक आणि त्यांची नाती ओळखायची, आणि ती प्रणाली दुसऱ्या रूपात किंवा वरच्या पातळीवर मांडायची, एवढंच. त्यात प्रणालीला हात लावणं येत नाही. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलमध्ये वास्तवाकडून आकृतीकडे आणि आकृतीकडून टेबलांकडे असा प्रवास आहे. आपण तोच रस्ता टेबलांकडून मागे चालतो. फरक असा की उतरताना काही गोष्टी वाटेतच सांडलेल्या असतात, आणि त्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या वर्णनात, सापडत नाहीत.

जाहीर केलेला भाग मिळवायला वेळ लागत नाही. पोस्टग्रेसच्या पीजी-डंपला फक्त स्कीमा मागितला, किंवा मायएसक्यूएलच्या डंपला ‘डेटा नको’ असं सांगितलं, की सगळ्या टेबलांच्या व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलीत येतात. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, आकृतीपासून नव्हे. ती फाइल गिटमध्ये ठेवावी आणि दर आठवड्याला नवी काढून आधीच्या फाइलीशी ताडून पाहावी. आपण नकाशा काढत असताना खालची जमीन हलते आहे का, ते त्यावरून कळतं. स्कीमाक्रॉलरचं मजकुरी आउटपुट मुद्दाम अशाच तुलनेसाठी सोयीचं ठेवलेलं आहे.

त्यानंतर स्कीमास्पाय. हे जावात लिहिलेलं मुक्त साधन कॅटलॉग वाचून ब्राउझरमध्ये उघडता येणारी पानं तयार करतं आणि आकृत्यांसाठी ग्राफव्हिझचा उपयोग करतं. त्याची खरी खुबी अशी की प्रत्येक टेबलाला स्वतःचं पान मिळतं, आणि त्या पानावर फक्त त्या टेबलाचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे शेजारी दिसतात. चारशे टेबलांची एकच आकृती काढून मोठ्या कागदावर छापण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती आकृती प्रकल्प किती मोठा आहे हे साहेबांना पटवायला उपयोगी पडेल, वाचायला पडत नाही. माणसाला एका वेळी दहा-बारा चौकोनांपलीकडे धरता येत नाही, आणि साधनाने ही मर्यादा ओळखली तरच ते साधन.

मायएसक्यूएल वर्कबेंच, ओरॅकलचा डेटा मॉडेलर, अर्विन, पॉवरडिझाइनर ही सगळी या पहिल्या टप्प्यात कमीअधिक सोयीने तेच काम करतात. कुठलं निवडायचं यावर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत. जे साधन मजकूर बाहेर काढू देतं आणि कमांड लाइनवरून चालवता येतं ते घ्यावं, कारण हे काम एकदा करून संपत नाही. जाँगोमधलं ‘इन्स्पेक्टडीबी’ किंवा एसक्यूएल-अल्केमीमधलं रिफ्लेक्शन वापरून टेबलांवरून थेट पायथॉनचे क्लास मिळवता येतात. ज्यांना पुढे त्याच भाषेत लिहायचं आहे त्यांनी तेही करून पाहावं.

खरी अडचण यानंतर सुरू होते. आकृती उघडावी आणि सगळे चौकोन सुटे दिसावेत, एकही रेषा नसावी, हा अनुभव जुन्या मायएसक्यूएलवर काम करणाऱ्यांना नवा नाही. त्याला कारण आहे. मायआयसॅम या तिथल्या जुन्या स्टोरेज इंजिनला फॉरेन की लागू करता येत नव्हती. टेबलाच्या व्याख्येत ती लिहिली तरी ते इंजिन कुरकुर न करता ती सोडून देई. फॉरेन की पाळणारं इनोडीबी हे डीफॉल्ट इंजिन झालं ते २०१० साली ५.५ आवृत्तीत. तोपर्यंत उभ्या राहिलेल्या कितीतरी वेबसाइटींच्या डेटाबेसांत प्रोग्रॅमरने नातं लिहिलं होतं, पण डेटाबेसने ते कुठे नोंदलंच नाही. रूबी ऑन रेल्सने आपल्या मायग्रेशनमध्ये फॉरेन कीची सोय २०१४ अखेरच्या ४.२ आवृत्तीत दिली. त्याआधी नाती मॉडेलच्या क्लासमध्येच राहायची. एसक्यूलाइट २००९पासून फॉरेन की पाळू शकतो, पण जोडणी उघडताना तसं सांगितलं तरच. शिवाय ‘फॉरेन कीमुळे डेटाबेस मंदावतो’ हा समज आहेच, आणि त्यापायी ठरवून काढून टाकलेल्या फॉरेन कींची गणती कुणी ठेवलेली नाही.

म्हणजे कॅटलॉगची गत सातबाऱ्यासारखी आहे. उताऱ्यावर नाव कुणाचं लागलं आहे ते कळतं. जमीन कोण कसतो ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

बांधावर जाण्याचा पहिला मार्ग नावांचा. ‘ऑर्डर्स’ टेबलात ‘कस्टमर-आयडी’ नावाचा कॉलम आहे आणि ‘कस्टमर्स’ टेबलाची प्रायमरी कीसुद्धा ‘कस्टमर-आयडी’च आहे, दोन्हींचा प्रकार एकच आहे, तर नातं असणार. स्कीमास्पाय हा तर्क आपण होऊन करतो आणि, हे त्याचं मोठेपण, अशी रेषा तुटक काढतो. शिस्तीने नावं दिलेल्या डेटाबेसात हा मार्ग पुष्कळ पुढे नेतो. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या, शाळांच्या, छोट्या कारखान्यांच्या डेटाबेसांत मात्र मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले असतात. एकाने ‘गाव’ लिहिताना दोन ए वापरलेले असतात, दुसऱ्याने एकच, तिसऱ्याने सरळ ‘व्हिलेज’ असं लिहिलेलं असतं. तिन्ही कॉलम एकाच यादीकडे बोट दाखवतात हे मराठी माणसाला वाचताक्षणी कळतं; नावं जुळवणाऱ्या साधनाला ते तीन अनोळखी शब्द असतात.

दुसरा मार्ग नोंदींचा, आणि तो या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे. एका कॉलममधली प्रत्येक किंमत दुसऱ्या एका कॉलममध्ये सापडत असेल, तर पहिला दुसऱ्यावर अवलंबून असण्याची शक्यता आहे. याला इन्क्लूजन डिपेंडन्सी म्हणतात. प्रत्येक फॉरेन कीमागे असं एक अवलंबन असतंच. मग सगळ्या कॉलमच्या सगळ्या जोड्या तपासायच्या का? हजार कॉलम असतील तर क्रमासह ९,९९,००० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळी क्वेरी चालवत बसलं तर सर्व्हर गुदमरतो. २००७ साली याना बाउकमान, उल्फ लेझर, फेलिक्स नाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पायडर’ नावाची रीत मांडली. प्रत्येक कॉलममधल्या वेगवेगळ्या किमती एकदाच चढत्या क्रमाने लावून घ्यायच्या. मग सगळ्या याद्या एकदम उघडायच्या आणि सगळ्यांत लहान किमतीपासून पुढे सरकत जायचं. एखादी किंमत ज्या ज्या कॉलममध्ये आहे त्यांचा गट डोळ्यांसमोर येतो. त्या गटात जो कॉलम नाही, तो त्या गटातल्या कुणाचाही आधार असू शकत नाही, म्हणून तेवढ्या जोड्या तिथल्या तिथे बाद. हजारो जोड्या एका किमतीवर गळतात आणि प्रत्येक यादी एकदाच वाचावी लागते. पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर संस्थेतल्या मेटानोम या मुक्त साधनात ही आणि अशाच जातीच्या इतर रीती वापरून पाहता येतात. टेबलाच्या आतली अवलंबनं, म्हणजे पिनकोडवरून शहर ठरतं अशा प्रकारची, शोधण्यासाठी हेलसिंकीतल्या संशोधकांनी १९९९ साली मांडलेली ‘टेन’ ही रीतही त्याच घराण्यातली.

पण गणिताने सिद्ध झालेला समावेश म्हणजे नातं नव्हे. एक, दोन, तीन असे आपोआप वाढणारे आयडी असलेल्या डेटाबेसात सगळंच सगळ्यांत सामावतं. महिन्याचा क्रमांक एक ते बारा असतो, म्हणून तो कर्मचाऱ्यांच्या आयडीतही पूर्ण बसतो आणि गोदामांच्या आयडीतही. गाळणी लावल्याशिवाय या यादीचा उपयोग नाही. लक्ष्य असलेल्या कॉलममध्ये किंमत दोनदा येत नाही ना, प्रकार जुळतो ना, नावात काही साम्य आहे ना, लक्ष्यातल्या किमतींपैकी बराचसा भाग वापरला गेला आहे ना, हे पाहायचं. कॉलमवर इंडेक्स आहे का हेही पाहायचं. तो बनवणाऱ्याला कुठलीतरी जोडणी वेगवान करायची होती असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

उलट बाजूचा धोका मराठी डेटात विशेष जाणवतो. नातं आहे, पण किमती जुळत नाहीत. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ऱ या अक्षराने लिहिता येतो, तसाच साध्या र-नंतर पाय मोडून आणि न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आत बाइट्स वेगळे. युनिकोडपूर्वीचा डेटा असेल तर गुंता आणखी वाढतो. १९९१च्या इस्की प्रमाणातला मजकूर, किंवा जुन्या फाँटच्या खास संकेतांत टंकलेला मजकूर, साधनाला फक्त ‘अक्षरांचा कॉलम’ म्हणून दिसतो. एका टेबलातली गावं इस्कीत आणि दुसऱ्यातली युनिकोडमध्ये असतील तर समावेश शून्य टक्के येईल, आणि साधन नात्याची शंकाही घेणार नाही. अशा वेळी आधी मजकूर एका रूपात आणायचा, मगच तुलना.

तिसरा मार्ग वापराचा, आणि माझा सर्वाधिक भरवसा त्याच्यावर आहे. डेटाबेसात साठवलेल्या व्ह्यूंच्या व्याख्या, स्टोअर्ड प्रोसिजर, अहवालांच्या क्वेरी, पोस्टग्रेसच्या ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’मध्ये जमा झालेली विधानं, मायएसक्यूएलचा संथ क्वेरींचा लॉग, या सगळ्यांत जोडण्या उघडपणे लिहिलेल्या असतात. अमुक कॉलम तमुक कॉलमच्या बरोबर असं वर्षानुवर्षं, दिवसातून हजारदा कुणीतरी लिहितो आहे, ही साक्ष नावांच्या साम्यापेक्षा फार मोलाची. साधा पार्सर लावून या जोडण्या मोजल्या तर डेटाबेसचा जिवंत भाग कोणता आणि पडीक कोणता हेही आपोआप दिसतं. कित्येक टेबलं अशी निघतात की त्यांना कुणीच विचारत नाही. ती समजून घेण्यात वेळ घालवायचा की नाही हे लवकर ठरवता आलं तर निम्मं काम वाचतं.

हे सगळं एका खऱ्या डेटाबेसवर करून पाहता यावं म्हणून पुस्तकभर मराठी विकिपीडियाचा आधार घेतला आहे. विकिपीडिया मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि विकिमीडिया फाउंडेशन त्याच्या बऱ्याच टेबलांचे डंप नियमितपणे सर्वांसाठी खुले करतं. ‘एमआरविकी’ या नावाने मराठीचे डंप मिळतात, ते घरच्या संगणकावर मारियाडीबीत भरता येतात. सरावाला याहून चांगली जागा मला माहीत नाही. डेटा आपल्या भाषेतला आहे, कुणाचं गुपित फुटत नाही, आणि उत्तर तपासायला मीडियाविकीचं सविस्तर मॅन्युअल हाताशी आहे.

डंप भरून स्कीमास्पाय चालवलं की पहिला धक्का बसतो: फॉरेन की एकही नाही. नावांवरून अंदाज करू म्हटलं तर तेही जमत नाही, कारण इथे प्रत्येक कॉलमच्या नावाला त्याच्या टेबलाचा उपसर्ग लावायची शिस्त आहे. ‘पेज’ टेबलात पेज-आयडी, ‘पेजलिंक्स’मध्ये पीएल-फ्रॉम, ‘रिडायरेक्ट’मध्ये आरडी-फ्रॉम, ‘लँगलिंक्स’मध्ये एलएल-फ्रॉम. अतिशय नीटनेटकी पद्धत, आणि नेमक्या तिच्यामुळेच दोन टेबलांत सारखं नाव जवळजवळ सापडतच नाही. नोंदींचा समावेश तपासला की मात्र ही तिन्ही ‘फ्रॉम’ पेज-आयडीकडे जातात हे स्पष्ट दिसतं.

पुढचा थांबा अधिक शिकवणारा. एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे जाणारे दुवे ‘पेजलिंक्स’मध्ये असतात. पूर्वी तिथे प्रत्येक ओळीत लक्ष्याचं पूर्ण शीर्षक लिहिलेलं असे. गेल्या काही वर्षांत ती शीर्षकं ‘लिंकटार्गेट’ या वेगळ्या टेबलात हलवली गेली आणि दुव्यात फक्त क्रमांक उरला. ‘लिंकटार्गेट’मधला नामविश्व (नेमस्पेस) आणि शीर्षक हा जोड ‘पेज’मधल्या त्याच जोडाशी ताडला तर तो पूर्ण सामावत नाही. कडक नियम लावणारं साधन ‘नातं नाही’ असं म्हणून पुढे जाईल. पण नातं आहे. जुळत नाहीत ती शीर्षकं अजून न लिहिलेल्या लेखांची आहेत. विकिपीडियावर ते दुवे लाल दिसतात, आणि लाल दुवा हे कुणीतरी हा लेख लिहावा असं आमंत्रण असतं. इथे फॉरेन की लावली असती तर विकिपीडिया वाढायची रीतच बंद झाली असती. न जुळणाऱ्या नोंदी म्हणजे घाण, त्या साफ करायच्या, असं शिकलेल्या माणसाने या एका उदाहरणापाशी थोडं थांबावं. अपुरा समावेश ही कधी चूक असते, कधी जुना कचरा असतो, आणि कधी ती त्या व्यवस्थेची जाणूनबुजून केलेली रचना असते. टक्केवारी तिन्हींची सारखीच दिसते.

नामविश्वाचं प्रकरणही असंच. ‘साचा’, ‘वर्ग’, ‘सदस्य’, ‘चर्चा’ हे शब्द मराठी विकिपीडियावर वावरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. ‘पेज’ टेबलात ते नाहीत. तिथे १०, १४, २ आणि १ असे आकडे आहेत. या आकड्यांचा अर्थ सांगणारं टेबल शोधत बसलं तर सापडणार नाही, कारण तो अर्थ पीएचपी प्रोग्रॅममध्ये आणि त्या त्या भाषेच्या फाइलीत लिहिलेला आहे. शीर्षकाचा कॉलम बाइट्सच्या प्रकाराचा, २५५ बाइट्सचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइट्स घेतं, म्हणजे काना, वेलांटी आणि मोडलेला पाय वेगवेगळे धरून मराठी शीर्षकाला ८५ चिन्हांची मर्यादा पडते. हे स्कीमात लिहिलेलं आहे, पण वाचायला भाषा माहीत असावी लागते.

‘लँगलिंक्स’मध्ये मराठी लेखाचा जोडीदार हिंदीत किंवा इंग्रजीत कुठल्या नावाने आहे ते असतं, त्या रेषेचं दुसरं टोक वेगळ्याच डेटाबेसात आहे. ‘पेज’मधला पेज-लेटेस्ट हा कॉलम ताज्या आवृत्तीचा क्रमांक देतो, पण आवृत्त्यांचा इतिहास एसक्यूएल डंपमध्ये नसून एक्सएमएल फाइलींत वेगळा येतो. लक्ष्याचं टेबल समोर नसताना अशा कॉलमची उकल कशी करायची, हा चांगला धडा आहे. आणि स्वतःच्या संगणकावर अख्खं मीडियाविकी बसवलं तर ‘कंटेंट’ टेबलात पत्त्याचा एक कॉलम भेटतो. त्यात ‘टीटी’, मग कोलन, मग एक आकडा, असा मजकूर असतो. तो आकडा ‘टेक्स्ट’ टेबलातल्या ओळीचा आयडी आहे. एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला पूर्णांक. प्रकार जुळत नाही, किमती जुळत नाहीत, नावं जुळत नाहीत. लेखाचा प्रत्यक्ष मजकूर जिथून मिळतो ती, म्हणजे या डेटाबेसातली सगळ्यात महत्त्वाची रेषा, वर सांगितलेल्या पहिल्या दोन्ही मार्गांनी दिसत नाही. ती प्रोग्रॅम वाचणाऱ्यालाच दिसते.

म्हणून या कामात वेग कशाने येतो, यावर माझं मत ठाम आहे. यंत्राला जे जमतं ते सगळं आधी यंत्राकडून करून घ्यावं, आणि माणसाचा वेळ उरलेल्या रेषांसाठी राखून ठेवावा. हाताने टेबलं चाळत बसणारा आणि साधनाच्या आकृतीवर डोळे मिटून विसंबणारा, दोघेही सारखाच वेळ वाया घालवतात. जुन्या कर्मचाऱ्याला भेटायला जायचं तर ‘डेटाबेस समजावून सांगा’ असं म्हणू नये. स्थितीच्या कॉलममध्ये सातचा आकडा अमुक वर्षानंतर का येत नाही, असं विचारावं. असा प्रश्न विचारला की माणूस खुर्ची ओढून बसतो आणि तासभर बोलतो, आणि त्या तासात कुठल्याच फाइलीत नसलेली गोष्ट कळते.

भाषा-मॉडेलांविषयीही थोडं सांगायला हवं, कारण हल्ली टेबलांच्या व्याख्या त्यांच्यापुढे ठेवून प्रत्येक कॉलमचं वर्णन लिहून घेण्याची पद्धत पडते आहे. पहिला मसुदा म्हणून ते उपयोगी आहे, आणि अर्धवट रोमन मराठी नावं ओळखण्यात ही मॉडेलं जुन्या साधनांपेक्षा कितीतरी सरस ठरतात. पण फक्त व्याख्या दिल्या असतील तर मिळणारं उत्तर नावांवरून केलेला अंदाजच असतो. तो ऐटदार वाक्यांत येतो म्हणून त्याचं वजन वाढत नाही. नकाशावर त्याची नोंद ‘नावावरून’ अशीच व्हावी.

दुसऱ्याच्या डेटाबेसवर काम करताना एक पथ्य मात्र अजिबात मोडू नये. कॅटलॉग वाचायला कुणाची व्यक्तिगत नोंद पाहावी लागत नाही. समावेश तपासायला, नमुने काढायला पाहावी लागते. भारतात २०२३पासून डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी एखाद्याचा आजार किंवा कर्जाची थकबाकी नमुना म्हणून आकृतीच्या पानावर छापली जाणं गैरच. लेखी परवानगी घ्यावी, चालू सर्व्हरऐवजी बॅकअपवरून उभी केलेली प्रत वापरावी, फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं मागून घ्यावं, आणि किमती ताडायच्या तर त्यांचे हॅश करून ताडाव्यात. स्पायडरसारख्या रीतींना किमतींचा अर्थ कळावा लागत नाही, त्यामुळे हॅशवरही त्या तितक्याच नीट चालतात.

या पुस्तकासाठी वाचकाला एसक्यूएलमधल्या जोडण्या लिहिता याव्यात आणि कमांड लाइनची भीती नसावी, एवढं पुरे. मराठी विकिपीडियाच्या डंपवर काम करताना मीडियाविकीचं मॅन्युअल मात्र आपला नकाशा पूर्ण होईपर्यंत उघडू नये. प्रत्येक रेषेवर जाहीर, नोंदींवरून, वापरावरून, नावावरून किंवा तोंडी यांपैकी एक शेरा मारावा आणि तारीख टाकावी. मग मॅन्युअल घेऊन बसावं आणि चुकलेल्या रेषा शेऱ्याप्रमाणे वेगळ्या काढाव्यात. सुटलेल्या रेषांची यादी वेगळी करावी, आणि त्यांतली प्रत्येक रेषा कोणत्या मार्गाने सापडली असती ते शेजारी लिहावं. शेवटचं प्रकरण ही यादी समोर ठेवूनच वाचायचं आहे.